हंगामाच्या उत्तरार्धातील फुटबॉलपटूंचा थकवा आणि प्रेरणेचा ऱ्हास : कोल्हापुरातील फुटबॉलच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले खासबाग मैदान आणि पेठापेठांतील तालमी ही या परंपरेची ठळक खूण होय. याच तालमींनी पुढे फुटबॉल आपलासा केला, ही कोल्हापूरच्या क्रीडाजीवनातील लक्षणीय बाब आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम मंडळ या संघांच्या नावातच हा इतिहास जपला गेला आहे. प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ हे संघही त्याच मातीतले. सन १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजेच के.एस.ए.च्या, नियंत्रणाखाली येथील फुटबॉल चालतो आणि त्याचे केंद्र छत्रपती शाहू स्टेडियम हे आहे.

हिवाळ्यात सुरू झालेला येथील हंगाम वळवाचा पाऊस येईपर्यंत चालतो. हंगामाच्या आरंभी जो खेळाडू चेंडूमागे जिवाच्या आकांताने धावतो, तोच एप्रिल-मेमध्ये अर्ध्या वाटेत थांबताना दिसतो. सरावाला उशिरा येणे, सोपा पास चुकणे, गोल झाल्यावरही चेहऱ्यावर आनंद नसणे अशी लक्षणे दिसू लागतात. प्रेक्षक याचा अर्थ आपल्या परीने लावतात. ‘पोरगं मनातनं खेळत नाही’ असा शेरा गॅलरीतून येतो. काही वेळा खेळाडूच्या निष्ठेविषयीच शंका घेतली जाते. हा आरोप पेठेतल्या पेठेत राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला किती लागतो, याची कल्पना करणे कठीण नाही. अशा मुलांपैकी अनेक जण महाविद्यालयांचे विद्यार्थी असल्याने हा प्रश्न केवळ मैदानापुरता राहत नाही.

प्रस्तुत लेखात या अवस्थेची शास्त्रीय कारणमीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे. थकवा आणि प्रेरणेचा ऱ्हास या दोन भिन्न अवस्था असून त्यांचे उपायही भिन्न आहेत, आणि कोल्हापुरात त्यांचे मूळ खेळाडूच्या वृत्तीपेक्षा हंगामाच्या रचनेत अधिक आहे, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१. खेळाडूचा शारीरिक थकवा, मानसिक थकवा आणि प्रेरणेचा ऱ्हास यांतील भेद स्पष्ट करणे.
२. कोल्हापुरातील फुटबॉल हंगामाच्या रचनेचा या अवस्थांशी असलेला संबंध तपासणे.
३. संघ, संयोजक व महाविद्यालये यांच्यासाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून क्रीडाशास्त्र व मानसशास्त्र यांतील प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा आधार घेतला आहे.

थकव्याचे शारीरिक स्वरूप

मराठीत, विशेषतः कोल्हापूरच्या बोलीत, ‘रग’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. अंगात रग असणे म्हणजे जोम असणे, आणि पायाला रग लागणे म्हणजे ताणामुळे स्नायू दुखून येणे. एकाच शब्दातील हे दोन अर्थ खेळाच्या शरीरशास्त्रास नेमके लागू पडतात. ताण दिल्यानंतर शरीर प्रथम दुबळे होते. पुरेशी विश्रांती मिळाल्यास ते पूर्वीपेक्षा बळकट होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ताणाला शरीर देत असलेल्या सर्वसाधारण प्रतिसादाचे जे वर्णन केले, त्यात इशारा, प्रतिकार आणि क्षीणता असे टप्पे पुढे मांडले गेले. प्रशिक्षणशास्त्राचा पाया याच विचारावर उभा आहे. विश्रांती न मिळता ताण चालूच राहिला, तर क्षीणतेचा टप्पा गाठला जातो.

वरिष्ठ दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतील खेळाडू सुमारे १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यात वेगाने धावणे, अचानक थांबणे, वळणे, उडी मारणे यांचा समावेश असतो. या श्रमासाठी स्नायूंतील ग्लायकोजेन हे इंधन मोठ्या प्रमाणात खर्च होते. सामन्यानंतर हा साठा पूर्ववत होण्यास योग्य आहार घेऊनही साधारणतः ४८ ते ७२ तास लागतात. स्नायूंतील सूक्ष्म इजा भरून येण्यासही तेवढाच, काही वेळा अधिक, अवधी लागतो. मोहर, क्रुस्ट्रुप आणि बँग्सबो यांच्या २००३ मधील अभ्यासात सामन्याच्या अखेरच्या १५ मिनिटांत वेगवान धावण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटत असल्याचे आढळले. ही घट अव्वल व्यावसायिक खेळाडूंतही होती.

सामने जवळजवळ आले की परिणाम साचत जातो. यान एकस्ट्रँड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. २००२ च्या विश्वचषकात अपेक्षेपेक्षा कमी कामगिरी केलेल्या खेळाडूंनी स्पर्धेपूर्वीच्या १० आठवड्यांत सरासरी १२.५ सामने खेळले होते, तर अपेक्षेपेक्षा सरस ठरलेल्यांनी ९. म्हणजे अडीच महिन्यांत तीन-चार सामन्यांचा फरक खेळाडूची कामगिरी बदलण्यास पुरेसा ठरू शकतो. दुपाँ व सहकाऱ्यांचा २०१० मधील अभ्यास आणखी बोलका आहे. आठवड्यात एक सामना असताना दुखापतींचे प्रमाण दर हजार तासांमागे ४.१ होते, दोन सामने असताना ते २५.६ झाले. विशेष म्हणजे दोन्ही परिस्थितींत खेळाडूंनी धावलेल्या अंतरात फारसा फरक नव्हता. खेळाडू धावतो आहे म्हणजे तो ताजातवाना आहे, असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

कोल्हापूरकरांस जवळचे एक उदाहरण येथे देता येईल. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे सामने ६, ९ व १२ ऑक्टोबर रोजी, म्हणजे मध्ये केवळ दोन-दोन दिवस ठेवून, झाले. घानाविरुद्धचा तिसरा सामना भारताने ०-४ असा गमावला. त्यातील अखेरचे दोन गोल ८६ व ८७ व्या मिनिटाला झाले. घानाचा संघ बलाढ्य होता, त्यामुळे पराभवाचे सर्व श्रेय थकव्यास देता येणार नाही. तथापि शेवटच्या पाच मिनिटांतील अशी पडझड कोल्हापूरच्या प्रेक्षकाने एप्रिल-मेच्या सामन्यांत अनेकदा पाहिलेली असते.

मानसिक थकवा

शरीर पूर्ववत झाले तरी मेंदूवरील ताणामुळे खेळ मंदावू शकतो. सॅम्युएल मार्कोरा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना प्रथम ९० मिनिटे एकाग्रतेचे बौद्धिक काम दिले आणि नंतर दमेपर्यंत सायकल चालविण्यास सांगितले. बौद्धिक काम केलेल्या दिवशी ते लवकर थांबले. हृदय व स्नायू यांच्या कार्यात लक्षणीय फरक नव्हता. मात्र तेवढेच श्रम त्यांना अधिक कष्टाचे वाटत होते. पुढे २०१६ मध्ये फुटबॉलपटूंवर झालेल्या प्रयोगांत अवघ्या ३० मिनिटांच्या मानसिक कामानंतरही पास देणे व गोलवर फटका मारणे यांतील अचूकता कमी झाल्याचे दिसून आले.

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. हंगामाचा उत्तरार्ध आणि विद्यापीठाच्या वार्षिक अथवा सत्रान्त परीक्षा एकाच कालखंडात येतात. सकाळी तीन तास पेपर लिहून दुपारी मैदानात उतरणारा विद्यार्थी शरीराने ताजा असला तरी त्याच्या निर्णयक्षमतेवर ताण आलेला असतो. औद्योगिक वसाहतीत पाळी करून किंवा दुकानातील काम आटोपून खेळायला येणाऱ्या तरुणाची स्थितीही याहून वेगळी नसते. त्याच्या हातून चुकलेला सोपा पास हा हलगर्जीपणा नसून मानसिक थकव्याचा परिणाम असू शकतो.

प्रेरणेचा ऱ्हास

आता तिसऱ्या अवस्थेकडे वळणे आवश्यक आहे. थकलेल्या खेळाडूला खेळावेसे वाटते, पण शरीर साथ देत नाही. प्रेरणा ओसरलेल्या खेळाडूचे शरीर साथ देते, पण त्याला खेळावेसे वाटत नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली सेवाभावी क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या संदर्भात ‘बर्नआउट’ ही संज्ञा मांडली. मराठीत तिला ‘करपणे’ म्हणता येईल. क्रीडाक्षेत्रासाठी रेडेक व स्मिथ यांनी २००१ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीत या अवस्थेची तीन अंगे सांगितली आहेत : भावनिक व शारीरिक दमणूक, आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना, आणि खेळाचे मोल वाटेनासे होणे. तिसरे अंग सर्वांत गंभीर होय. कारण तेथे खेळाडू खेळाशीच असलेले नाते तोडू लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार आंतरिक प्रेरणा तीन मानसिक गरजांवर पोसली जाते. पहिली स्वायत्तता, म्हणजे आपण स्वेच्छेने खेळत आहोत ही जाणीव. दुसरी क्षमतेची जाणीव. आणि तिसरी आपलेपणा. कोल्हापूरच्या फुटबॉलला ही चौकट लावून पाहिली असता एक विशेष चित्र समोर येते.

आपलेपणाची येथे कमतरता नाही. पेठेची इभ्रत, मंडळाचा झेंडा, बालपणापासूनचे सवंगडी यांतून खेळाडूस जे पाठबळ मिळते, ते मोठ्या शहरांतील व्यावसायिक संघांनाही दुर्मीळ आहे. क्षमतेची जाणीवही हंगामाच्या आरंभी पुरेशी असते. सामनावीर किंवा लढवय्या खेळाडू म्हणून होणारा गौरव तिला खतपाणी घालतो. स्वायत्ततेचे मात्र तसे नाही. पेठेसाठी खेळणे हा सन्मान असला तरी ‘आज नको’ म्हणण्याची सोय खेळाडूला क्वचितच असते. दुखापत अंगावर काढून खेळणाऱ्याचे कौतुक होते. विश्रांती मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. म्हणजेच जो आपलेपणा प्रेरणेचे मूळ आहे, तोच हंगामाच्या अखेरीस ओझे बनू शकतो.

मानधनाचाही येथे विचार करावा लागतो. एकेकाळी केवळ पेठेच्या अभिमानावर चालणाऱ्या या खेळात आता खेळाडूंना मानधन मिळते, बाहेरचे व परदेशी खेळाडूही येतात. गरीब घरातील मुलाला चार पैसे मिळणे स्वागतार्हच आहे. तथापि डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगात असे आढळले होते की, आवडीने कोडी सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी पैसे दिल्यानंतर आणि मग ते बंद केल्यानंतर त्यांची त्या कोड्यांतील रुची घटली. मोबदला हा कौतुकाचे रूप घेतो तेव्हा प्रेरणा टिकते. तो नियंत्रणाचे साधन बनतो तेव्हा ती ओसरते. ‘पैसे घेतोस ना, मग खेळ’ हे वाक्य दुसऱ्या प्रकारात मोडते.

हंगामाच्या रचनेतील विषमता

के.एस.ए.च्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. साखळी सामन्यांच्या जोडीला विविध चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात आणि हंगामाच्या उत्तरार्धात त्यांची रीघ लागते. या रचनेचा परिणाम साध्या अंकगणिताने समजून घेता येतो. १६ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा संघ ४ सामने खेळतो. पहिल्या फेरीत पराभूत होणारा १. अशा चार स्पर्धा लागोपाठ झाल्या, तर प्रत्येक वेळी अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या संघाचे १६ सामने होतात आणि प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत हरणाऱ्याचे केवळ ४. एकाच मैदानावर, एकाच कालावधीत, एका संघावर दुसऱ्याच्या चौपट भार पडतो.

यातून दोन परस्परविरुद्ध समस्या निर्माण होतात. बलवान संघ जिंकत जातो आणि त्यामुळेच थकत जातो. त्याच्या खेळाडूंचा प्रश्न प्रामुख्याने शारीरिक असतो. दुर्बल संघ मात्र एका पराभवानंतर दोन-तीन आठवडे रिकामा बसतो. पुढील सामना नक्की केव्हा, हे ठाऊक नसते; सरावास येणाऱ्यांची संख्या रोडावते. येथे थकवा नसून क्षमतेची जाणीव मावळणे हे कारण असते. राखीव खेळाडू तर दोन्ही प्रकारच्या संघांत याच अवस्थेतून जातो. पाच महिने जर्सी घालून कट्ट्यावर बसणाऱ्या मुलाला ‘तू ताजा आहेस’ म्हणून शेवटच्या सामन्यात उतरविले, तरी त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे व्यर्थ ठरते. या दोन्ही गटांना एकच उपाय, म्हणजे अधिक सराव व अधिक रागावणे, लागू केला जातो. आणि तो दोघांनाही अपायकारक ठरतो.

महाविद्यालयीन खेळाडूचा हंगाम तर याहून दीर्घ असतो. पहिल्या सत्रात तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत महाविद्यालयाकडून उतरतो. निवड झाल्यास आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी प्रवास करतो. तेथून परतताच पेठेचा हंगाम त्याची वाट पाहत असतो. महाविद्यालयाचे क्रीडा संचालक आणि मंडळाचा प्रशिक्षक हे दोघेही त्याला आपापल्या स्पर्धांपुरतेच ओळखतात. दोन्हीकडचा भार एकत्र मोजणारे कोणीच नसते.

यात उन्हाची भर पडते. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के एवढे पाणी घामावाटे गेले तरी सहनशक्ती व एकाग्रता घटू लागते. दुपारच्या पहिल्या सामन्यातील खेळाडूंना याची झळ अधिक बसते.

पूर्वपक्ष आणि त्याचे परीक्षण

‘पूर्वीचे खेळाडू अनवाणी खेळत, त्यांना कधी थकवा आला नाही, आताची पिढी नाजूक आहे’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. जुन्या पिढीच्या जिद्दीविषयी आदर बाळगूनही हा युक्तिवाद तपासून पाहावा लागतो. खेळाची गती सर्वत्र वाढली आहे. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या २००६-०७ ते २०१२-१३ या सात हंगामांच्या अभ्यासात एकूण धावलेले अंतर केवळ २ टक्क्यांनी वाढले होते. परंतु अतिवेगाने धावलेले अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढले होते. खेळाचे तास तेच असले तरी त्यातील श्रम वाढले आहेत. त्या पातळीचे दूरचित्रवाणीवरील सामने पाहून कोल्हापूरचा प्रेक्षकही आपल्या संघाकडून तशाच वेगाची अपेक्षा करतो.

दुसरा आक्षेप असा की, ईर्षा पेटली की थकवा आपोआप पळतो. यात अंशतः तथ्य आहे. पारंपरिक प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यात दमलेला खेळाडूही चौताळून खेळतो. परंतु ईर्षेने शरीरातील इंधन वाढत नाही. उरलेले इंधन वापरण्याची तयारी तेवढी वाढते. अशा सामन्यानंतर येणारी गळती अधिक तीव्र असते आणि दुखापतीचा धोकाही बळावतो. शिवाय हरण्याच्या भीतीवर व अपमानाच्या धास्तीवर उभी असलेली प्रेरणा दीर्घकाळ टिकत नाही.

निदान कसे करावे

प्रयोगशाळेची साधने नसतानाही प्रशिक्षकास काही ठोकताळे वापरता येतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी नेहमीपेक्षा सतत वाढलेली असणे, झोप व भूक मंदावणे, सामन्याच्या आरंभी खेळ चांगला व उत्तरार्धात घसरलेला असणे, ही शारीरिक थकव्याची चिन्हे मानता येतील. तीन-चार दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळ सुधारला, तर निदानास पुष्टी मिळते. याउलट पहिल्या मिनिटापासून अलिप्तता, सरावास टाळाटाळ, जय-पराजयाविषयी उदासीनता दिसत असेल आणि विश्रांतीनंतरही फरक पडत नसेल, तर प्रेरणेचा प्रश्न असण्याची शक्यता अधिक. अनेक आठवडे विश्रांती घेऊनही कामगिरी सावरत नसेल, तर ते अतिप्रशिक्षणाचे लक्षण असू शकते. अशा वेळी वैद्यकीय तपासणी अनिवार्य आहे. कारण रक्तक्षय किंवा एखादा संसर्गही याच रूपात प्रकट होतो.

भार मोजण्यासाठी कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली पद्धत अल्पखर्चिक आहे. सराव अथवा सामना संपल्यावर सुमारे अर्ध्या तासाने खेळाडूस ‘आजचे श्रम ० ते १० पैकी किती’ असे विचारावे आणि त्या अंकास मिनिटांनी गुणावे. ९० मिनिटांच्या सामन्यास त्याने ८ गुण दिले, तर भार ७२० झाला. या नोंदी एका साध्या वहीत ठेवल्या, तर कोणत्या खेळाडूवर आठवड्यात भार अचानक वाढला, हे प्रशिक्षकास दिसू लागते. खेळाडूला रोज विचारले जाते, त्याचे उत्तर लिहून घेतले जाते, यातूनच त्याची स्वायत्ततेची गरजही काही अंशी भागते.

उपाययोजना

संघांच्या पातळीवर : सामन्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जोराचा सराव टाळावा. आठवड्यात दुसरा सामना असल्यास किमान तीन-चार खेळाडू बदलावेत. फुटबॉलच्या नियमांत २०२२ पासून पाच बदली खेळाडूंची तरतूद कायम झाली आहे. स्पर्धेच्या नियमांनी जेथे ती स्वीकारली असेल तेथे तिचा उपयोग सामना हातचा गेल्यावर नव्हे, तर तासाभराच्या आतच करावा. राखीव खेळाडूंना हंगामाच्या पूर्वार्धापासून खेळण्याची मिनिटे द्यावीत. सरावात एखादा दिवस केवळ आनंदासाठी, खेळाडूंनीच ठरविलेल्या खेळासाठी ठेवावा.

संयोजकांच्या पातळीवर : एका संघाच्या दोन सामन्यांत शक्यतो ७२ तासांचे अंतर राखावे. पहिल्या फेरीत पराभूत होणाऱ्या संघांसाठी स्वतंत्र उपस्पर्धा ठेवल्यास त्यांचा रिकामा काळ भरून निघेल. उन्हाळ्यात प्रत्येक अर्धात पाणी पिण्यासाठी थांबा द्यावा. २०१४ च्या विश्वचषकापासून असे थांबे जागतिक पातळीवरही रूढ झाले आहेत.

महाविद्यालयांच्या पातळीवर : क्रीडा संचालकाने खेळाडू विद्यार्थ्याचे परीक्षेचे वेळापत्रक व मंडळाच्या सामन्यांचे वेळापत्रक एकत्र मांडून पाहावे आणि मंडळाच्या प्रशिक्षकाशी संपर्क ठेवावा. वर्गात पेंगणाऱ्या खेळाडू विद्यार्थ्यास सर्वांदेखत टोमणा मारण्याऐवजी शिक्षकाने आदल्या दिवशीच्या सामन्याची चौकशी केली, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. चाचणी वा प्रात्यक्षिकासाठी पर्यायी दिवस देणे हे लाड नव्हेत. विद्यार्थ्यावर एकाच वेळी पडणारा दुहेरी भार विभागण्याचा तो मार्ग आहे. मानसशास्त्र विभागांनी ऋतूच्या आरंभी, मध्यावर व अखेरीस अशा तीन टप्प्यांत खेळाडूंच्या प्रेरणेचे मापन हाती घेतल्यास स्थानिक स्वरूपाची मौलिक सामग्री उपलब्ध होईल.

निष्कर्ष

१. हंगामाच्या उत्तरार्धात खालावणारा खेळ हा शारीरिक थकवा, मानसिक थकवा अथवा प्रेरणेचा ऱ्हास यांपैकी कशाचाही परिणाम असू शकतो. निदानावाचून केलेला उपाय निष्फळ ठरतो.
२. बाद पद्धतीच्या लागोपाठ स्पर्धांमुळे यशस्वी संघांवर अतिभार व अपयशी संघांवर रिकामपण लादले जाते. दोघांच्या समस्या भिन्न आहेत.
३. पेठेविषयीचा आपलेपणा हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे सर्वांत मोठे बळ आहे. परंतु विश्रांती मागण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर तेच बळ दडपण बनते.
४. परीक्षांचा काळ व हंगामाचा उत्तरार्ध एकत्र येत असल्याने महाविद्यालयांचा सहभाग आवश्यक आहे.

समारोप

ज्या तालमींच्या नावाने हे संघ मैदानात उतरतात, त्या तालमींत वस्ताद पठ्ठ्याच्या जोर-बैठकांइतकेच त्याच्या खुराकाकडे आणि झोपेकडेही लक्ष देत असे. मेहनत करून घेणे आणि वेळीच थांबविणे ही दोन्ही वस्तादाचीच कामे होती. दमलेल्या मल्लाला ‘तू मनातून लढत नाहीस’ असे म्हणण्याआधी तो त्याच्या अंगाला हात लावून पाहत असे. आधुनिक क्रीडाशास्त्राचे निष्कर्ष याच समजुतीशी जुळणारे आहेत. पेठेच्या नावासाठी पाच-सहा महिने धावणाऱ्या मुलाला हंगामाच्या अखेरीस हेच लक्ष आणि हाच विश्वास मिळाला, तर पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आनंदाने मैदानात उतरेल. तो उतरला नाही, तर त्या नुकसानीत पेठेइतकाच महाविद्यालयाचाही वाटा असेल.